शॉवर पार्टिशनची सोनेरी फ्रेम काळी करायची आहे, रंग टिकेल का?

मृण्मयी_पुणे:
नमस्कार मंडळी, रिसेलचा फ्लॅट घेतलाय, बाथरूममध्ये काचेचं शॉवर पार्टिशन आहे आणि त्याची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम चकचकीत सोनेरी. काच छान आहे, दार नीट सरकतं, त्यामुळे सगळं उखडून टाकायचं जिवावर येतंय. नळ-शॉवर मॅट काळे घेतलेत म्हणून फ्रेमही काळी हवीय. दुकानदार म्हणतो स्प्रेचा डबा घ्या, दोन हात मारा, झालं. टिकतं का हो असं? बोअरचं पाणी आहे, खालच्या पट्टीवर पांढरे थर साचलेत.

ब्रश_आणि_थिनर:
ताई, नुसता स्प्रे अजिबात नको, पापुद्रे निघतील. सोनेरी म्हणजे अ‍ॅनोडाइज (विजेच्या प्रक्रियेने धातूवरच कडक, रंगीत थर चढवलेला) केलेलं असणार, त्या गुळगुळीत थरावर रंग धरत नाही. आणि खरा शत्रू जुनं सिलिकॉन. ते कटरने खरवडून, रिमूव्हर लावून आधी पूर्ण काढा, घासायचं नंतर, नाहीतर पॉलिश पेपरने ते सगळीकडे पसरतं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. साफ झालंय का बघायला पाणी मारा, सपाट पसरलं तर ठीक, थेंब गोळा होत असतील तिथे अजून काहीतरी चिकटलेलं आहे. मग ३२०-४०० नंबरचा वॉटर पेपर, धुऊन सुकवून एच प्रायमर (धातूला धरून राहणारा पहिला हात), त्यावर हार्डनरवाला टू-के पीयू (रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग), पातळ पातळ हात. पीयूचा वास साधा नाही, बंद बाथरूममध्ये मारूच नका, गाड्यांच्या पेंटिंगवाल्याकडून करून घ्या, त्यांच्याकडे योग्य मास्क असतात.

सेक्शनवाला:
फ्रेम सुटत असेल तर सरळ पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड मारून भट्टीत भाजतात ते. भट्टी साधारण २०० डिग्रीची असते, म्हणून रबर, रोलर, बिजागऱ्या सगळं काढूनच द्यायचं. जुना थर कॉस्टिक सोड्यात उतरवून देणार का ते आधीच विचारा. फक्त काच काढताना दोघं तरी हवेत, टफन काचेचा कोपरा फरशीवर आपटला की पूर्ण काचेचा भुगा होतो, त्यामुळे खाली गादी किंवा थर्मोकोल ठेवा.

मृण्मयी_पुणे:
खूप आभार! दाराची फ्रेम आणि वरची पट्टी सुटते, पण भिंतीच्या दोन आणि खालची पट्टी टाइलमध्ये घट्ट बसल्यात. अर्धं पावडर, अर्धं हाताने केलं तर काळ्यात काळा दिसेल का वेगळा?

सेक्शनवाला:
दिसेल, मॅटमध्ये तर शेजारी शेजारी लगेच कळतं. त्यापेक्षा सगळीकडे एकच पीयू करा, सुटतात ते भाग बाहेर नेऊन. खालच्या पट्टीत मात्र पाणी साचून राहतं, तिथे रंग सगळ्यात आधी जाणार, ती अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडून काळ्या सेक्शनमध्ये (तयार अ‍ॅल्युमिनियम पट्टीत) नवीनच बसवा, थोडा फरक दिसला तरी तळाशी खपून जातो. पट्टीतली पाणी जायची भोकं सिलिकॉनने बुजवू देऊ नका.

ब्रश_आणि_थिनर:
+१. आणि सिलिकॉन भरल्यावर २४ तास शॉवर बंद. पुढे क्षाराच्या डागांवर ॲसिडवाला क्लीनर नको, अंघोळ झाली की वायपर आणि कोरडं फडकं मारायचं.