प्रवाळाचा तुकडा खडकावर चिकटवताना... तुमचे अनुभव सांगा

सागरवेडी:
काल लेकीच्या प्रोजेक्टसाठी सुपरग्लू उघडला आणि त्या वासाने थेट 2013 मधल्या आमच्या न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये पोचले. पहिला रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि एका मैत्रिणीने दिलेला हिरव्या मॉन्टिपोरा प्रवाळाचा नखाएवढा तुकडा. तीनदा लावला, तीनदा पडला. जेल ग्लू पाण्यात नेला की वर पांढरी साय धरायची, मग तो कशालाच चिकटायचा नाही, सकाळी बघावं तर तुकडा वाळूत पालथा. रडू यायचं. तेव्हा बाबा मालवणहून आलेले, टँकशेजारी खुर्ची टाकून बसायचे, ते म्हणाले, "आदी सुकय गो बाय, मगे लाय." होडीची फट बुजवायच्या आधी फळी कोरडी करतात तसं. मग पंप बंद केले, तुकडा ज्यावर बसवलेला त्या प्लगचं, छोट्या चकतीचं, बूड टिश्यूने टिपलं, मटाराएवढा ग्लू लावला आणि खडकावर दाबताना जरासं गोल फिरवलं, की ती साय फाटते आणि आतला ताजा ग्लू दगडाला धरतो. बाबांनी घड्याळ लावून दोन मिनिटं हात हलवू दिला नाही. काही आठवड्यांनी तुकड्याच्या कडेने पातळ हिरवी किनार ग्लूवरून दगडावर उतरलेली दिसली. ग्लू तेवढ्यापुरताच असतो हो, पुढे प्रवाळ स्वतःच धरतो. बाबा आता नाहीत. मॉन्टिपोरा ताटलीएवढा झालाय. तुम्ही पण लिहा ना.

खारंपाणी:
बाबांचं वाचून गलबललं गं. आमच्या टँकमध्ये टर्बो गोगलगाय, रात्री बुलडोझर, सगळे तुकडे ढकलून पाडते. नुसत्या ग्लूवर काहीच टिकत नाही, आधी ग्लू मग इपॉक्सी पुटी (मळून लावली की कडक होणारी लांबी) मग परत ग्लू असं सँडविच करते. पुटी रंग एकसारखा होईस्तोवर मळायची, चपातीच्या कणकेसारखी. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नंतर दिवसभर फेसाळतो, घाबरू नका.

निवांत_ऑस्टिन:
मश्रूम प्रवाळाला ग्लू चालतच नाही, सगळा बुळबुळीत, निसटून जातो. वाटीत दगडाचे खडे, त्यावर मश्रूम, वरून जाळी, मंद प्रवाहात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत खड्याला आपणहून धरतो, मग तो खडा चिकटवा.

पुण्याचा_मी:
इथे भारतात हे करता येतं का? जाम इच्छा आहे

खारंपाणी:
@पुण्याचा_मी नको. सगळे कडक प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल 1 मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. कोणी विकत असेल तरी घेऊ नका.

पुण्याचा_मी:
ओके, बरं झालं विचारलं. मग माझा गोड्या पाण्याचाच अनुभव, अनुबियासचं झाड ड्रिफ्टवुडवर, म्हणजे टाकीतल्या लाकडावर, याच जेल ग्लूने लावलंय. आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, दोन झाडं अशीच गेली. लाकडावर लावलेल्याला आता नवी पानं आलीत, मुळं लाकडाला घट्ट बिलगलीत 😊

मीनाक्षी७१:
कृपया हातमोजे घाला, पण सुती नको!! सांडलेला ग्लू मी कापसाने पुसला, क्षणात चटका, धूर, बोटाला टम्म फोड. कापूस लागला की तो ग्लू एकदम तापतो. नायट्राइलचे घाला. आणि झोआ प्रवाळ कापताना चष्मा लावाच, काहींमध्ये पॅलीटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, झोआ असलेला दगड कधी उकळायचा नाही, त्या वाफेने माणसं हॉस्पिटलात गेलीत.

निवांत_ऑस्टिन:
ताई फोड बरा झाला का

मीनाक्षी७१:
हो रे, खूण राहिलीय. तू दिवाळीला घरी येतोयस ना? टँक कोण बघणार?

निवांत_ऑस्टिन:
शेजारच्या आजी. रोज फक्त गोडं पाणी टाकायचं, खूण केलेल्या रेघेपर्यंत. मीठ नाही! पाणी उडतं, मीठ नाही उडत, हे त्यांना माझ्यापेक्षा छान समजलं, म्हणाल्या आमटी आटली की खारट होते तसंच ना

वरळीकर:
टँक नाही माझा. पण 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी, हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं हलवून दुसरीकडे लावली तेव्हा पहिल्यांदा कळलं, आपल्या कट्ट्यासमोर इतकी वर्षं प्रवाळ होती. ओहोटीला तिथेच खेकडे शोधत वाढलो आम्ही.

सागरवेडी:
वरळीकर, अंगावर काटा आला. मीनाक्षीताई, उद्याच नायट्राइल मागवते. आणि पुढच्या महिन्यात मॉन्टिपोराची कड तोडणार आहे, न्यू जर्सीत कोणाला तुकडा हवा असेल तर सांगा, पिशवीत भरून देते. टिश्यू जवळ ठेवा मात्र.