मदत हवी आहे : पाळी ३४ दिवसांनी येते, मग नेमके दिवस कोणते धरायचे?

मैत्रिणींनो, मी सोलापूरची, वय ३१. आठ महिने झाले बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. जी ती सांगते, चौदावा दिवस धर. पण बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं ना? म्हणजे माझा विसावा. शुक्राणू ५ दिवसांपर्यंत टिकतात, म्हणून पंधराव्यापासून एक दिवसाआड ठरवलंय. बरोबर आहे का? बीज सुटायचे दिवस घरीच लघवीवरून सांगणारं ओव्हुलेशन किट कुणी वापरलंय?

दुसरं म्हणजे, हे दिवसभर यंत्रमागावर, पत्र्याखाली, त्यात आपल्याकडचा एप्रिल! उष्णतेनं शुक्राणू कमी होऊ शकतात, पण तपासणीचं नाव काढलं की अर्धी भाकरी ताटात टाकून उठतात. सासूबाई मात्र मलाच शतावरी पाजतायत. तुम्ही नवऱ्याला कसं तयार केलंत?