कानाच्या ऑपरेशननंतर तोंड वाकडं झालंय, थांबू की दुसरीकडे दाखवू?

आभा_क: आईचं कोलेस्टिॲटोमासाठी (कानात त्वचा साठून गाठ वाढते आणि हाड पोखरते) मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा चेहरा ठीक होता. घरी आल्यावर काही दिवसांनी ओठ एका बाजूला ओढला गेला. चूळ भरताना पाणी सांडतं, डावा डोळा पुरता मिटत नाही. सर्जननी स्टेरॉइड सुरू केलंय, थांबा म्हणतात. मोठा खर्च आता झेपणार नाही.

रानवारा: पैशाकडे बघू नका, दुसरा सर्जन गाठा. माझी चेहरा हलवणारी नस ऑपरेशनमध्येच तुटली. पोटरीची नस काढून जोडली, तरी अजून हसलो की डोळा मिटतो.

सई७: रानवारा, तुमचं वेगळं. शुद्धीवर येताच चेहरा लुळा असेल तर भुलीचा असर उतरू देतात, कानातलं पॅकिंग सैल करतात; तरीही हलला नाही तर कान पुन्हा उघडावा लागू शकतो. इथे चेहरा आधी हलत होता, म्हणजे नस तुटलेली नसावी. ती हाडाच्या अरुंद नळीतून जाते, तिथे सूज आली की दबते. असे बहुतेक रुग्ण सुधारतात.

सुहास_जी: मी करंट देणारं मशीन घेतलं. फरक पडला. घ्याच.

मेघना_फिजिओ: मशीनचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही. आरशासमोर हळू, हलके व्यायाम पुरे. च्युइंगमही नको, चघळणारे स्नायू मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेवर चालतात, चेहरा सातव्या.

विनय: ऑपरेशनला नर्व्ह मॉनिटर (चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र) लावला होता का? नसेल तर आधी तक्रार करा!

सई७: मॉनिटर लावूनही इजा होते हो.

रानवारा: म्हणूनच म्हणतो, दुसरा सर्जन.

अनघा: डोळ्याचं कुणीच बोलत नाही! माझ्या सासूबाईंच्या बुबुळाला कोरडेपणाने जखम झाली होती. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी पूर्ण मिटवून टेप. पापणी अर्धी उघडी राहिली तर टेपच बुबुळाला घासते. लाली, दुखणं, अंधुक दिसणं, काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

आभा_क: आईशी बोलले. दुसरा सर्जन नको, मशीन नको, तक्रारही नाही. आमच्याच सर्जनकडे उद्या जातोय, हाउस-ब्रॅकमन ग्रेड (चेहरा किती लुळा आहे त्याची श्रेणी) कितवी ते लिहून घेणार. डोळ्याच्या डॉक्टरांकडे आजच. अनघाताई, टेपचं बरं सांगितलंत, काल रात्री डोळा अर्धा उघडाच होता.

रानवारा: मला पटत नाही. निदान एवढं करा, चेहरा पूर्ण लुळा पडला तर तीन दिवसांनंतर नसेची विद्युत चाचणी करायची का, ते विचारा. ताप, चक्कर किंवा कानातून पू आला तर उद्याची वाट बघू नका.