स्टीव्हन्सची जमीनजप्ती: न्याय, सूड की नुसती वसुली?

अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीवाली दक्षिणेची बंडखोर राज्यं हरली. त्यांच्या बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त गुलामांना वाटायची योजना उत्तरेचा संसद सदस्य थॅडियस स्टीव्हन्स याने मांडली. तिच्यावर सातबारा, जुनीपेठ आणि मुन्सफ या तिघांचा हा वाद.

सातबारा: “थॅडियस स्टीव्हन्सला काळ्यांचा कळवळा नव्हता. १८६३मध्ये बंडखोरांनी त्याचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळला, त्याचा सूड म्हणजे जमीनजप्ती.” जुनीपेठ यांनी हे ठोकून दिलं आणि टाळ्याही मिळवल्या. अहो, १८३८मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नव्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार काढला म्हणून या गृहस्थाने तिच्यावर सही केली नाही. कारखाना जळायला अजून २५ वर्षं होती. सूडाची आगाऊ उचल घेतली होती का?

स्टीव्हन्सचं सप्टेंबर १८६५चं लँकेस्टरचं भाषण वाचा, योजना त्यातच आहे. २०० एकरांवरचे बंडखोर जमीनदार सुमारे ७० हजार. त्यांची आणि बंडखोर राज्यांची मिळून ३९ कोटी ४० लाख एकर. दहापैकी नऊ गोऱ्यांच्या बांधाला हात नाही. मुक्त झालेल्या दर प्रौढ पुरुषाला ४० एकर, असे १० लाख पुरुष, म्हणजे ४ कोटी एकर. उरलेली विकायची, एकरी १० डॉलरने.

जुनीपेठ: आकडे दिल्याबद्दल आभार, माझंच काम केलंत. जवळपास नव्वद टक्के जमीन विकून ३५४ कोटी डॉलर, त्यातले ३०० कोटींहून जास्त युद्धाच्या कर्जात. ही वसुली झाली! आणि १० डॉलर मोजणार कोण? सरकारी पडीक १.२५ डॉलरला मिळत होती. होमस्टेड कायद्याखाली सरकारी जमीन पाच वर्षं कसली की १६० एकर जवळपास फुकट.

सातबारा: करदात्याला कर्जफेडीचं गाजर दाखवल्याशिवाय उत्तरेत मतं मिळाली असती? राजकारणी होता तो, कीर्तनकार नव्हे.

मुन्सफ: दोघेही मुद्दा सोडून भांडताय. देशद्रोहासाठी जप्ती दोषीच्या हयातीपुरतीच, असं अमेरिकेच्या घटनेतच आहे. १८६२च्या जप्ती कायद्यावर लिंकन याच कलमासाठी अडून बसला आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, खुलाशाचा ठराव जोडावा लागला. घेणाऱ्याने विहीर खणायची, कुंपण घालायचं आणि मूळ मालक मेला की वारस दारात! अशा जमिनीवर कर्ज कोण देईल?

सातबारा: म्हणूनच तो “जिंकलेले प्रांत” म्हणत होता. देशद्रोहाचा खटला नाहीच. परकी शत्रू हरला, जमीन जेत्याची. युद्धाचा कायदा.

मुन्सफ: मग राज्यं संघातून खरंच फुटली होती हे मान्य करा. फुटता येत नाही, यासाठीच तर युद्ध झालं होतं ना?

जुनीपेठ: वा! बंडखोरांचा अध्यक्ष डेव्हिस, त्याचंच म्हणणं स्टीव्हन्सच्या तोंडी.

सातबारा: डेव्हिसला त्यातून स्वतंत्र देश हवा होता, याला ४० एकर. फरक कळत नसेल तर राहू द्या. १८६६मध्ये दक्षिणेसाठी वेगळा होमस्टेड कायदा झाला, ४ कोटी ६० लाख एकरांचा. बरीचशी दलदल आणि पाइनचं रान. चांगली कापसाची जमीन जुन्या मालकांकडेच. ज्याच्याकडे खेचर नाही, नांगर नाही, पीक येईपर्यंतचं धान्य नाही, त्याने ते रान तोडायचं कसं? मालकाच्या शेतात वाट्याने राबायला गेला.

जुनीपेठ: बरं, सूड मागे घेतो, खूश? पण खेचर स्टीव्हन्सच्या ४० एकरांना तरी लागलंच असतं.

मुन्सफ: हयातीपुरत्या मालकीचं उत्तर अजून आलेलं नाही.