मदत हवी आहे : सहा पिल्लांसाठी मानमोडीची लस

नमस्कार मंडळी. गोराईला आमचं बैठं घर, मागे थोडी वाडी. लाल गावठी कोंबडी खुडूक झाली म्हणून डालग्यात पेंढा घालून तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. सातव्या रात्री टॉर्चवर धरून पाहिली, दोन कोरी निघाली. परवा एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं बाहेर आली. सातव्याने टोचा मारला होता, पण ते आतच गेलं. कवच सोलायला हात शिवशिवत होते, तरी सोललं नाही. आतली शीर ओली असताना सोललं तर रक्त जाऊन पिल्लू मरू शकतं. अजून वाईट वाटतंय.

आता मुख्य अडचण. गेल्या पावसाळ्यात मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, आठवड्यात सगळ्या कोंबड्या गेल्या. हिरवी शीट, वाकड्या माना, बघवत नव्हतं. लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात घालायचा हे माहीत आहे. पण दुकानात शंभर डोसांची कुपी सगळ्यात लहान, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते.

गोराई, मनोरी, बोरिवलीत कुणाकडे याच आठवड्याची पिल्लं आहेत का? कुपी एकत्र घेऊ. बर्फाचा डबा घेऊन मी जेट्टीपलीकडेही येईन. शनिवारच्या आत कळवा, प्लीज.