कामिनोच्या वाटेवर भेटलेल्या प्रार्थना आणि संतांच्या खुणा: तुमचे अनुभव लिहा

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी, स्पेनमधल्या कामिनोवर म्हणजे सांतिआगोच्या पदयात्रेवर आता बरीच मराठी माणसं जायला लागलीयेत. त्याबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक बूट कुठले घ्यावेत, बॅग किती किलोची असावी, व्हिसाला काय कागद लागले असं. ते लागतंच, पण मला इथे दुसरं ऐकायचंय. वाटेत कोणी तुमच्यासाठी प्रार्थना केली का, एखाद्या संताची खूण, मूर्ती, गोष्ट मनात घर करून राहिली का. चमत्कारच पाहिजे असं काही नाही. ख्रिस्ती असा नसा, लिहा. दुसऱ्या ख्रिस्ती पदयात्रेचा अनुभव असेल तर तोही चालेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांतिआगो म्हणजे येशूचे शिष्य संत याकोब, त्यांची कबर स्पेनच्या वायव्य टोकाला सांतिआगो दे कॉम्पोस्टेलाच्या कॅथेड्रलखाली आहे अशी श्रद्धा आहे आणि तिथवर हजारेक वर्षं लोक चालत येतायत. सगळ्यात गजबजलेली वाट फ्रान्समधून पिरेनीज ओलांडून येते, सुमारे 780 किमी. 2024 मध्ये जवळपास पाच लाख लोकांनी पोचल्याचं प्रमाणपत्र घेतलं.

सुरुवात मीच करते. आम्ही वारकरी घरातले, आजोबा माळकरी, चालत देवाला जायचं यात मला काही नवीन नव्हतं. पिरेनीज उतरून रॉन्सेसवायेसला पोचले तेव्हा गुडघे नुसते थरथरत होते, झोपावंसं वाटत होतं, तरी संध्याकाळच्या यात्रेकरूंच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले. शेवटी फादरनी आम्हाला सगळ्यांना पुढे बोलावलं आणि आशीर्वाद दिला, वेगवेगळ्या भाषांत. त्यात मराठी कुठून असणार, पण इंग्रजीतला कळला. अब्राहामाला तू ऊर नगरीतून सांभाळून आणलंस तसं यांना सांभाळ, वाटेत यांचा सोबती हो, चार रस्ते फुटतात तिथे वाट दाखव, दमल्यावर बळ दे, उन्हात सावली हो, अंधारात उजेड हो. मी ऐकतच राहिले, कारण यात मोक्षबिक्ष काही नाही, चालणाऱ्या माणसाला खरोखर जे जे लागतं तेवढंच मागितलंय, ज्याने ही प्रार्थना पहिल्यांदा केली तो नक्की स्वतः चाललेला असणार. पुढे मेसेताच्या पठारावर भर दुपारी एकही झाड नसायचं तेव्हा मी तेवढंच म्हणत चालायचे, सावली हो, सावली हो, आणि मग आपोआप विठ्ठल विठ्ठल सुरू व्हायचं. दोन्ही एकाच दमात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

वसईवाली

ताई, धागा काढलात फार बरं केलंत. मी निवृत्त नर्स, मिस्टर गेल्यावर दुसऱ्या वर्षी गेले. मुलं नको नको म्हणत होती.

मला सांगायचंय कारिऑन दे लॉस कोंदेसबद्दल. तिथे सांता मारिया चर्चला लागून अल्बेर्गे आहे, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, ती ऑगस्टिनियन सिस्टर चालवतात. संध्याकाळी सगळ्यांना जिन्याजवळ गोल बसवतात, एक सिस्टर गिटार घेते, आणि मग प्रत्येकाने सांगायचं मी कुठून आलो, का चालतोय, आणि जमलं तर आपल्या भाषेतलं एखादं गाणं. माझी पाळी आली तेव्हा मी मिस्टर गेले एवढंच सांगू शकले. गाणं सुचेना म्हणून नमो मरिये ही मरियामातेची प्रार्थना म्हटली, आमच्या गावी मे महिन्यात क्रूसाजवळ म्हणतो त्या चालीत. सिस्टरना शब्द कळले नाहीत पण चाल संपते तिथे सगळ्यांनी आमेन म्हटलं.

नंतर मिस्सा झाली आणि आशीर्वादाच्या वेळी त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि हातात एक कागदाचा तारा दिला. रंगवलेला. सिस्टर स्वतः करतात ते, रोज येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी. मी आयुष्यभर हॉस्पिटलात काम केलंय, रोज नवीन माणूस येतो आणि सकाळी त्याच्या जागी दुसरा असतो तेव्हा आपण किती आटतो ते मला माहितीये, आणि या बायका रोज अनोळखी माणसासाठी बसून तारा कापतात. माझ्यासाठी तीच साधुत्वाची खूण.

दुसऱ्या दिवशी कारिऑननंतर सतरा किलोमीटर गाव नाही, जुना रोमन रस्ता, सरळ. मी जपमाळ काढली. मागून एक कोरियन बाई आली, तिच्याही हातात जपमाळ, तिला इंग्रजी येत नव्हतं. ती अर्धं कोरियनमध्ये म्हणायची, मी उरलेलं मराठीत पूर्ण करायचे, नमो मरियेचे दोन भाग असतातच ना. जपमाळेची पाची रहस्यं, म्हणजे पाची भाग, झाले. गाव दिसल्यावर तिने माझा हात धरून काहीतरी म्हटलं आणि ती पुढे गेली, परत भेट नाही.

म्युनिकहून

मी देव वगैरे फारसं मानत नाही हे आधीच लिहितो, गेलो होतो नोकरी सुटल्यावर डोकं शांत करायला.

पण सान निकोलासबद्दल लिहायलाच हवं. पिसुएर्गा नदीच्या पुलाअलीकडे एकटंच एक जुनं चॅपेल आहे, आत वीज नाही, एका टोकाला वेदी आणि दुसऱ्या टोकाला पलंग. इटलीतल्या संत याकोबाच्या मंडळाचे लोक स्वखर्चाने सुट्ट्या घेऊन येतात आणि ते चालवतात. जेवणाआधी सगळ्यांना वेदीपाशी अर्धगोलात बसवलं, मेणबत्त्या लावल्या, आणि त्यातल्या एका वयस्कर माणसाने खांद्यावर शिंपले लावलेली छोटी केप घातली आणि एकेकाचे पाय धुवायला घेतले. मला वाटलं आपल्यापर्यंत येऊ नये. माझ्या टाचेला फोड फुटलेले, बँडेज काळं पडलेलं, चार दिवसांचा वास. त्याने ते बँडेज बाजूला केलं, पाण्याची धार धरली, पुसलं आणि पायाचं चुंबन घेतलं, आणि इटालियनमध्ये ख्रिस्ताच्या नावाने मी तुझं स्वागत करतो असं काहीतरी म्हणाला, बाजूच्या मुलीने अर्थ सांगितला.

माझी आजी लोणंदला वारीतल्या बायकांचे पाय गरम पाण्याने शेकून तेल लावून द्यायची. लहानपणी मला ते बघायला किळस यायची. त्या रात्री मला झोप लागली नाही, आजीचे हात डोळ्यासमोर येत होते. अजूनही देव मानतो असं म्हणणार नाही, पण त्या म्हाताऱ्याने जे केलं ती प्रार्थना होती एवढं मला पक्कं कळलं.

नागपूर_संत्री

छोटासा अनुभव. सांतो दोमिंगो दे ला काल्सादाच्या कॅथेड्रलमध्ये चक्क जिवंत कोंबडा आणि कोंबडी ठेवलेत, भिंतीत वर जाळीमागे. गोष्ट अशी की एका यात्रेकरू मुलावर चोरीचा खोटा आळ आला, फाशी दिलं, आईबाप सांतिआगोहून परत येतात तर पोरगा फासावर जिवंत, संताने खालून पाय धरून ठेवलेले. न्यायाधीश जेवायला बसलेला, तो म्हणाला तुमचा मुलगा जिवंत असेल तर ही ताटातली भाजलेली कोंबडी पण जिवंत, आणि कोंबडी उठली की ओरडत! आपण आत असताना कोंबडा आरवला तर यात्रा चांगली होते म्हणतात. मी मुलीसोबत होते, तिची परीक्षा राहिलेली, ती खाली संताच्या कबरीपाशी डोळे मिटून उभी आणि वरून कोंबडा आरवला. तिचा चेहरा जो फुलला ना.

पण मला विचाराल तर कोंबडीपेक्षा तो संत, सांतो दोमिंगो, मोठा वाटतो. मठात घेतलं नाही त्याला, मग त्याने जंगल तोडून यात्रेकरूंसाठी रस्ता केला, नदीवर पूल बांधला, दवाखाना काढला, 1109 मध्ये वारला. आपण चालतो तो रस्ताच त्याची खूण आहे की.

सावंतवाडीचो

माझा कामिनो थोडा वेगळा. आम्ही दरवर्षी सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताक (सणाक) चालत जुन्या गोव्याक जातो. फेस्त 3 डिसेंबरला, त्याच्या आधी 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, मग पणजी ओलांडून रायबंदर आणि सायबाचं शरीर ठेवलंय ते बॉम जेझूस चर्च. बेळगाव, खानापूरकडून तर घाट उतरून येतात लोक. पुढे क्रूस, तोंडाने रोझरी, आणि वाटेत हिंदू घरांतून पण चहा पाणी, पोरांना बिस्किटं. आमच्याकडे सायब कोणाचो असं कोणी विचारीत नाय.

तर संत फ्रान्सिस झेवियर जिथे जन्मले त्या हाविएर गावात, स्पेनच्या नवारा प्रांतात, मार्चमध्ये अशीच पदयात्रा असते हे मला बोटीवर काम करताना एका स्पॅनिश मित्राने सांगितलं. हाविएरादा म्हणतात. सुट्टी जुळवून गेलो. पाम्प्लोनाहून पन्नासेक किलोमीटर, हजारो लोक, कॉलेजची पोरं, आज्या, पोराला खांद्यावर घेतलेले बाप. सांगुएसा गावापासून पुढे शेवटचे सातआठ किलोमीटर क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणवाटेची आठवण, करत जातात, एकेका स्थानापाशी थांबून प्रार्थना. थंडी मरणाची, पाऊस. एका आजीने विचारलं कुठचा, मी म्हटलं गोव्याच्या बाजूचा, सायबाचं शरीर आहे तिथला. तिने रस्त्यातच थांबून माझ्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग जो तो येऊन हात मिळवायला लागला. एक जण म्हणाला आमचा मुलगा तुमच्याकडे आहे, सांभाळा. मी रडलंय तिथे, सांगायला लाज नाय.

किल्ल्यातल्या चॅपेलमध्ये अक्रोडाच्या लाकडातला जुना ख्रिस्त आहे, क्रूसावर आहे पण ओठांवर हसू. मागच्या भिंतीवर सांगाडे नाचतानाची चित्रं. 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर सायब वारले तेव्हा इथे या मूर्तीला रक्ताचा घाम आला असं तिथले लोक मानतात. मी त्या ख्रिस्तासमोर आमचीच कोंकणी प्रार्थना म्हटली. सायब पोरवयात याच मूर्तीसमोर गुडघे टेकत असणार, आणि मरताना जवळ कोण, एक चिनी सेवक. तेवढं मनात आलं आणि पुढची प्रार्थना येईना.

आणि खुणेचं म्हणाल तर आमच्या मासळी बाजारात मिळते ती खुरसाची कुर्ली, म्हणजे क्रूसाचा खेकडा. पाठीवर क्रूस. वादळात सायबाच्या हातातला क्रूस समुद्रात गेला आणि दुसऱ्या दिवशी एका कुर्लीने तो किनाऱ्यावर आणून दिला, म्हणून तिच्या पाठीवर तो उमटला. आई अजून ती कुर्ली टोपात टाकण्याआधी कपाळाला हात लावते.

डब्लिनकर

मी क्रूथ दे फेरोबद्दल लिहितेय, खूप दिवस लिहायचं होतं. फोन्सेबादोनच्या पुढे डोंगरावर सुमारे 1500 मीटरवर एक उंच लाकडी खांब, त्याच्या टोकाला छोटा लोखंडी क्रूस, आणि खाली दगडांचा ढीग. घरून आणलेला दगड तिथे ठेवायचा असतो. ढिगात फोटो असतात, चिठ्ठ्या, लहान मुलांचे बूट. मी नाशिकहून गोदेतला एक दगड नेला होता, माझ्या मुलाने लहानपणी खिशात घालून आणलेला. तो आता नाही.

पहाटे पोचले. दगड ठेवता येईना. एक स्पॅनिश आजोबा टोपी काढून बाजूला उभे होते, त्यांनी काही विचारलं नाही, फक्त नाव विचारलं. मी मुलाचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनतीनदा म्हणून उच्चार नीट करून घेतला, मग खिशातून जपमाळ काढून प्रार्थना म्हणायला लागले आणि मधेमधे मला त्याचं नाव ऐकू येत होतं, स्पॅनिश तोंडातून, अगदी बरोबर. मग ठेवला मी दगड. यावर प्रतिक्रिया नाही दिलीत तरी चालेल.

इंद्रायणीकाठ

डब्लिनकर ताई, वाचलं. पांडुरंग तुमच्या पाठीशी असो.

ठाणे_ते_लेओन

ओ सेब्रेइरो कोणी लिहिलं नाही अजून म्हणून. गालिसियात शिरतानाचा मोठा चढ, वर 1300 मीटरवर दगडी घरांचं इवलंसं गाव. आम्ही गेलो तेव्हा धुक्यात हात पुढे केला तर बोटं दिसेनात. तिथली गोष्ट साधारण 1300 सालातली. भयंकर बर्फवादळात एकच शेतकरी मिस्साला चढून आला आणि फादरच्या मनात आलं की चिमूटभर भाकरी आणि घोटभर वाइनसाठी एवढं कशाला मरायचं, तर हातातल्या भाकरीचं मांस आणि वाइनचं रक्त झालं. तो प्याला अजून चर्चमध्ये काचेमागे आहे. चढून दमून आलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळीच लागते, कारण त्यात विश्वास त्या शेतकऱ्याचा पक्का निघाला, फादरचा नाही.

आणि याच गावचे फादर एलिआस वालिन्या. 1984 मध्ये यांनी पिवळा रंग घेऊन वाटेवर बाण काढायला सुरुवात केली, तेव्हा ही वाट जवळजवळ विसरली गेली होती. आज आपण ज्या बाणांच्या भरवशावर डोळे मिटून चालतो ते यांचे. चर्चबाहेर त्यांचा अर्धपुतळा आहे, हार नव्हता, म्हणून बायकोने केसांतला गजऱ्यासारखा बांधलेला रानफुलांचा झुबका काढून तिथे ठेवला. संध्याकाळच्या मिस्सानंतर फ्रान्सिस्कन फादर प्रत्येकाला बाण रंगवलेला एक छोटा दगड देतात. आमचा देवघरात आहे, गणपतीशेजारी.

नवीनच_आलोय

सगळं वाचून काढलं. एक शंका, आम्ही हिंदू, मिस्साला बसलं तर चालतं का? आणि प्रमाणपत्र फक्त ख्रिस्ती लोकांना मिळतं का?

वसईवाली

बाळा, खुशाल बस. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घ्यायला रांग लागते तेव्हा जागेवर थांब, किंवा छातीवर दोन्ही हात आडवे ठेवून रांगेत जा, मग फादर आशीर्वाद देतात. प्रमाणपत्राला धर्म विचारत नाहीत, कारण विचारतात. श्रद्धेने किंवा आध्यात्मिक शोधात चाललास तर लॅटिनमधलं कॉम्पोस्टेला, नुसता फिरायला आलास तर दुसरं. शेवटचे निदान शंभर किलोमीटर चाललेले हवेत आणि त्या भागात क्रेडेन्शियलवर, म्हणजे यात्रेकरूच्या शिक्क्यांच्या पुस्तिकेवर, रोज दोन शिक्के. शिक्के चर्चमधून घे, मारून देणारी आजी दोन शब्द बोलते. आणि थांबायची तयारी असेल तर 2027 ला जा, त्या वर्षी संत याकोबाचा सण 25 जुलै रविवारी येतोय म्हणजे पवित्र वर्ष, कॅथेड्रलचं एरवी बंद असलेलं पवित्र दार उघडं असेल. गर्दी मात्र खूप होणार, जुलै ऑगस्ट टाळ.