मदत हवी आहे: पद्मिनीला नवं बीडिंग, ड्रायव्हरचं दार लागत नाही

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ची, सांगलीत. चारही दारांना नवं बीडिंग (दाराभोवतीचं पाणी अडवणारं रबर) बसवलंय: आत पत्र्याची पकड, बाजूला १४ मिमीचा पोकळ फुगा. बाकी तीन दारं छान लागतात. ड्रायव्हरचं मात्र आपटल्याशिवाय लॉकच्या दुसऱ्या टप्प्यावर जात नाही, आणि एवढं करूनही वरच्या मागच्या कोपऱ्यातून पाणी येतं.

पत्र्याच्या कडेचा गंज, जुना गोंद खरवडून प्रायमर मारूनच रबर चढवलं. सांधा खाली उंबऱ्यावर आहे, कोपऱ्यांत रबर ताणलेलं नाही. दार उघडून वर-खाली हलवून पाहिलं, बिजागरीत खेळ नाही. स्ट्रायकर (खांबावरचा, दाराचं लॉक ज्यात अडकतं तो भाग) २ मिमी बाहेर घेतल्यावर दार सहज लागलं, पण बॉडीच्या रेषेबाहेर राहिलं; परत आत घेतला. कागदाची पट्टी दारात धरून ओढली, तर बिजागरीकडे फाटते आणि त्या कोपऱ्यात अलगद निघते.

रंग मूळचा आहे, त्यामुळे चौकट वाकवणं शेवटचा उपाय. सिलिकॉन भरायचं नाही.

बिजागरीच्या बाजूला १० मिमीचा फुगा लावून बाकी १४चा ठेवला तर चालेल का, की आधी बिजागरीमागे शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालावा? आणि १० मिमीचं बीडिंग सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात मीटरवर कुठे मिळेल?